अडतीसचा आकडा

१

मॉनिटर वाजला नाही. घडलं ते एवढंच.

वॉर्डातली दुपार होती. जेवणं उरकली होती, पडदे अर्धे ओढलेले होते. खिडकीजवळच्या खाटेवर एक म्हातारे शिंपीमास्तर न्यूमोनियाने पडून होते. त्यांच्या बोटाला एक चिमटी लावलेली, चिमटीची वायर उशाशी असलेल्या मॉनिटरला. रक्तातला ऑक्सिजन नव्वदच्या खाली गेला की मॉनिटरने बोंब ठोकायची, हे त्याचं काम. त्या दुपारी ऑक्सिजन नव्वदच्या खाली उतरला, ऐंशीच्या खाली उतरला, सत्तरला टेकला, आणि मॉनिटर आपला गप्प. पडद्यावर हिरवी रेघ निवांत नाचत होती.

सिस्टर पलीकडच्या खाटेचं सलाईन बदलत होत्या. त्यांनी सहज मान वळवली तर मास्तरांचे ओठ जांभळे पडलेले. हातातलं टाकून त्या धावल्या, ऑक्सिजन वाढवला, डॉक्टरांना हाक मारली, मास्तरांना उठवून बसवलं. अगदी थोडक्यात निभावलं. मास्तर वाचले.

मग प्रश्न आला की मशीन ओरडलं का नाही. बघितलं, तर ऑक्सिजनची खालची मर्यादा नव्वदवरून अडतीसवर आलेली. ऑक्सिजन अडतीसला पोचेपर्यंत माणूस शिल्लकच राहत नाही! आणि मशीनच्या नोंदीत स्पष्ट होतं, की त्या दुपारी मर्यादा बदलून 'सेव्ह' केल्या होत्या त्या सिस्टरांच्याच कोडने.

"हो, केल्या," सिस्टर म्हणाल्या. "डॉक्टरांनी नाडीची वरची मर्यादा वाढवायला सांगितली होती, ती वाढवली. ऑक्सिजनला मी बोट लावलं नाही."

"चुकून लागलं असेल," मेट्रन म्हणाल्या.

"नाही."

"नक्की आठवतंय?"

सिस्टर क्षणभर थांबल्या. तेवढं थांबणंच त्यांना भोवलं. चौकशी पुरी होईपर्यंत घरी बसा, असं त्यांना सांगण्यात आलं. जिने माणूस वाचवला तीच आरोपी झाली.

२

ते मॉनिटर बनवणारी कंपनी शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. मशीन बिघडलं, की ते का बिघडलं हे शोधायचं काम तिथे एका बाईंकडे असे. केस पांढरे, चष्मा दोरीने गळ्यात, आणि मेलेलं मशीन समोर आलं की आधी त्याला हात लावून बघायची सवय. म्हणून सगळे त्यांना वैद्यीणबाई म्हणत.

सॉफ्टवेअर विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळी कंपनी नुसतं 'साहेब' म्हणे, स्वतः त्यांच्या टेबलापाशी आले.

"बाई, एक छोटं काम आहे. हॉस्पिटलात जाऊन या, मशीन बघा आणि 'यंत्रात दोष नाही, हाताळणीत चूक' असा अहवाल द्या. उद्या दिलात तरी चालेल."

"अहवाल तुम्हीच सांगितलात, मग मी जाऊ कशाला?"

साहेब हसले. दोघांनी एकाच वर्षी नोकरी धरली होती, त्यामुळे एवढं चालून जाई. "तसं नव्हे हो. मशीनच्या नोंदीत सगळं लख्ख आहे. उगाच कोळसा उगाळत बसू नका."

"बघते," बाई म्हणाल्या.

हॉस्पिटलच्या भांडारखोलीत ते मशीन बंद न करता, तसंच कापडाखाली ठेवलं होतं. बाईंनी कापड काढलं, खुर्ची ओढली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून आधी नुसतं बघत बसल्या. मग मर्यादांचं पान उघडलं. ऑक्सिजन, खालची मर्यादा : ३८.

त्यांनी खाली जाणाऱ्या बाणाचं बटण दाबलं. मशीनने टुंग करून नकार दिला. वर जाणारा बाण दाबला. आकडा अडतीसवरून एकदम पन्नासवर उडाला. पुन्हा दाबला, पंचावन्न. मग साठ. नव्वदवर नेऊन परत खाली आणला : पंच्याऐंशी, ऐंशी, पंच्याहत्तर... पन्नासवर येऊन थांबला. पुढे टुंग.

बाई मागे टेकल्या. या बटणांनी मर्यादा पाचापाचाच्या टप्प्यांनी हलते आणि पन्नासच्या खाली जातच नाही. सिस्टरांनी चुकून दाबलं असो की मुद्दाम, रागाने दाबलं असो की पेंगत, बोटाने इथे अडतीस येणं शक्यच नव्हतं.

मग ते अडतीस आणलं कोणी?

३

सिस्टर घरी नव्हत्या. दार सासऱ्यांनी उघडलं. "सूनबाई ड्युटीवर गेलीय ना. डबा घेऊन गेली सकाळीच," ते अगदी सहज म्हणाले. वैद्यीणबाई 'बरं' म्हणून जिना उतरल्या आणि थोडा विचार करून हॉस्पिटलसमोरच्या बागेत गेल्या. एका बाकावर सिस्टर बसल्या होत्या. मांडीवर डबा, नजर वॉर्डाच्या खिडक्यांवर.

"घरी सांगितलं नाहीत," बाई शेजारी बसत म्हणाल्या.

"सासरे हृदयाचे पेशंट आहेत. आणि सांगू तरी काय? मला माझंच खरं कळेना झालंय." सिस्टरांचा आवाज शांत होता, पण बोटं डब्याच्या कडीशी चाळा करत होती. "आधी मला पक्कं आठवत होतं. मग सगळ्यांनी इतक्यांदा विचारलं, की आता डोळे मिटले की माझं बोट त्या बटणावर दिसतं. ते खरंच गेलं होतं, की मी ते मागाहून जोडलंय?"

"त्या दुपारचं सांगा. बटणांचं सोडून बाकीचं."

सिस्टरांनी सांगितलं. मास्तरांना हुडहुडी भरली होती. मशीनला जोडायचा थर्मामीटर त्यांनी काखेत लावला. आकडा यायला वेळ लागतो, पण मास्तर इतके कुडकुडत होते की त्यांनीच तो ओढून काढला. सिस्टरांनी मशीनमधून त्याचा प्लग उपटला, नाडीची मर्यादा वाढवली, सेव्ह केलं आणि चादर आणायला वळल्या. सगळं घाईघाईत, रोजच्यासारखं.

"मशीन कसं वाटतं वापरायला?" बाईंनी विचारलं.

"हे नवं चांगलं आहे. जुन्याचा थर्मामीटर काढला की पडदा जरासा अडायचा. अर्धा श्वास घेतल्यासारखा. आम्ही सगळ्या वैतागायचो. नव्यात ते नाही, काढला की काढला."

बाईंनी मान डोलावली, पण त्या वेळी त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं. अडतीस लिहायचं तर मशीनच्या पोटात शिरायला हवं. पोटात शिरायची परवानगी या इमारतीत एकाच माणसाला होती, आणि तो त्या दिवशी सकाळीच वॉर्डात येऊन गेला होता.

४

तो म्हणजे हॉस्पिटलचा तंत्रज्ञ. खिशात कायम एक पाना, म्हणून सगळे त्याला 'पाना' म्हणत. तळघरातल्या खोलीत तो एका खाटेचं चाक बसवत होता.

"आलात? मला वाटलंच," तो न उठता म्हणाला. "सर्व्हिस कोड माझ्याकडे. हवा तो आकडा टाकता येतो. म्हणजे चोर मीच."

"तुम्ही सकाळी त्या मशीनपाशी काय करत होता?"

"भिंतीवरची पट्टी सैल झाली होती, ती आवळली. मशीनला हातही लावला नाही. पण ते मी म्हणून काय उपयोग?"

"तुम्ही म्हणू नका, मशीनच म्हणेल," बाई म्हणाल्या. "सर्व्हिसमधून बाहेर आलं की काय होतं?"

पान्याने मान वर केली. "बंद होऊन नव्याने सुरू होतं."

"आणि पडद्यावरचा दिवसभराचा आलेख?"

"पुसला जातो." तो उठून उभा राहिला. "पुसला गेला नव्हता?"

"सकाळपासून दुपारपर्यंत सलग आहे, कुठे तुटक नाही. त्या दिवशी सर्व्हिसमध्ये कोणी शिरलंच नाही."

पान्याने पाना खिशात ठेवला, मग परत काढला, मग परत ठेवला. "चहा घेता?" त्याला दुसरं काही सुचेना. चहा ओतताना मात्र म्हणाला, "एक सांगू? मास्तरांचा जावई बघा. टीं टीं आवाजाने सासरे झोपत नाहीत म्हणून दोनदा भांडला होता. आणि मशीनमागे थर्मामीटर जोडायचं पोर्ट आहे, त्याला फोनची वायर लावून बसायचा. मी दोनदा उपटलीय."

बाईंनी कप खाली ठेवला. ही गोष्ट साधी नव्हती. बाहेरचं यंत्र पोर्टला लावून आतल्या सॉफ्टवेअरला फसवता येतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. खरं तर याच एका गोष्टीची त्यांना वर्षानुवर्षं धास्ती होती.

५

जावई सासऱ्यांच्या खाटेशी सफरचंद कापत बसला होता. रागीट, पण चाकू मात्र सासऱ्यांपासून लांब धरणारा. मास्तर उशीला टेकून बसले होते आणि पडद्याच्या कापडाची शिवण कशी वाकडी गेलीय ते निरखत होते.

"फोन लावायचो, हो," जावई म्हणाला. "भिंतीतलं सॉकेट चालत नव्हतं. त्यात काय गुन्हा?"

"त्या दुपारी लावला होता?"

"नाही. त्या वेळी फोन माझ्या हातात होता. बाहेर पॅसेजमध्ये बायकोशी बोलत होतो, विचारा तिला. अर्धा तास डोकं खाल्लं तिनं. वडिलांना काय खायला दिलं, झोपले का, ताप किती."

मास्तर बसल्या बसल्या हसले. "लेक आईवर गेलीय."

"मी दारातून वाकून बघितलं," जावई पुढे म्हणाला, "थर्मामीटरचा सेल्सिअसमधला आकडा वरवर चढत होता. मी सांगितलं तिला, अडतीस झालाय, अजून चढतोय. तर ती रडायलाच लागली."

वैद्यीणबाईंचा हात चष्म्याच्या दोरीवर थांबला.

"किती म्हणालात?"

"अडतीस."

बाईंनी मास्तरांकडे बघितलं, मग त्यांच्या काखेकडे, आणि मग एकदम हसू आलं म्हणून तोंडावर हात धरला.

"काय झालं?" जावयाने विचारलं.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," बाई म्हणाल्या. "ती ऑक्सिजनची मर्यादा नव्हतीच. तो तुमच्या सासऱ्यांचा ताप होता."

६

आता कोडं उलटं झालं. ताप मोजणाऱ्या कप्प्यातला आकडा ऑक्सिजनच्या मर्यादेच्या जागी जाऊन बसला कसा?

बाई कंपनीत परतल्या आणि थेट मुनीच्या खोलीत शिरल्या. मुनी दिवसभरात मोजकी वाक्यं बोलायचा, त्यावरून ते नाव. थर्मामीटरचा ड्रायव्हर त्याने लिहिला होता. ड्रायव्हर म्हणजे जोडलेल्या उपकरणाची भाषा मशीनला कळवणारा दुभाषा. हे दुभाषे ऑपरेटिंग सिस्टिमच्या अगदी गाभ्यात, कर्नलमध्ये बसतात. वरच्या मजल्यावर पहारेकरी पुष्कळ : पन्नासच्या खाली नको, पाचाचा टप्पा पाहिजे, कोड पाहिजे. गाभ्यात पहारा नसतो. तिथे जो लिहितो, त्याचं लिहिलेलं खरं.

"शक्य नाही," सगळं ऐकून मुनी म्हणाला. मग खुर्ची मागे सारून, "करून बघू."

त्यांनी प्रयोगशाळेतलं मशीन घेतलं. मुनीने थर्मामीटर काखेत धरला, आकडा येऊन बीप वाजेपर्यंत थांबला, प्लग काढला, मर्यादा सेव्ह केली. नव्वदचे नव्वद. पुन्हा केलं. नव्वद. असं कितीदा तरी झालं.

"तू फार शहाण्यासारखा वागतोस," बाई शेवटी म्हणाल्या. "तुला हुडहुडी भरलेली नाही. समोर कुडकुडणारं माणूस नाही. आण इकडे."

त्यांनी थर्मामीटर मुनीच्या अर्ध्या प्यालेल्या चहात बुडवला. आकडा चढू लागला. तो चढत असतानाच त्यांनी प्लग खसकन उपटला आणि लगेच सेव्ह दाबलं. काही झालं नाही. पुन्हा केलं, काही झालं नाही. तिसऱ्या वेळी मुनी खुर्चीतून अर्धा उठला.

ऑक्सिजन, खालची मर्यादा : ५२.

"तुझ्या चहाचं तापमान," बाई म्हणाल्या. "निवायला लागलाय."

मुनीने संगणकावर ड्रायव्हर उघडला आणि तो वाचत राहिला. बाईंनी त्याला वाचू दिलं. चुकीची ही जातकुळी त्यांच्या ओळखीची होती. ड्रायव्हर कर्नलकडून मेमरीचा एक तुकडा मागून घेतो, भाड्याने खोली घ्यावी तसा. प्लग निघाला की तो खोली सोडतो. कर्नल तीच खोली पुढच्या भाडेकरूला देतो; इथे पुढचा भाडेकरू म्हणजे नव्याने सेव्ह होणाऱ्या मर्यादा. यात वावगं काही नाही. पण जुन्या भाडेकरूने एक निरोप्या आधीच रस्त्यावर सोडलेला असतो, तापाचा शेवटचा आकडा पोचवायला. त्याला खोली सोडल्याचं कोणी सांगितलेलं नसतं. तो येतो, जुन्या किल्लीने दार उघडतो आणि नेहमीच्या कोपऱ्यात आकडा लिहून जातो. त्या कोपऱ्यात आता ऑक्सिजनची मर्यादा असते.

"मी थांबवलं होतं," मुनी हळूच म्हणाला.

"काय?"

"निरोप्या परत येईपर्यंत खोली सोडायची नाही, अशी एक ओळ मी लिहिली होती. अर्धा श्वास लागायचा तिला." त्याने पडद्यावर बोट ठेवलं. "ती ओळ इथे नाही."

७

बाईंना बागेतला बाक आठवला. जुनं मशीन अर्धा श्वास अडायचं. नव्यात ते नाही. सिस्टरांनी खरं कारण पहिल्याच दिवशी त्यांच्या हातात ठेवलं होतं आणि त्यांनी मान डोलावून ते खाली ठेवून दिलं होतं.

त्या साहेबांच्या खोलीत गेल्या. मुनी मागोमाग आला आणि दाराशी उभा राहिला.

"अहवाल आणलात?" साहेबांनी विचारलं.

"आणलाय. तोंडी आहे," बाई बसत म्हणाल्या, आणि त्यांनी चहापर्यंतचं सगळं सांगितलं. साहेब ऐकत होते. मध्येच एकदा त्यांनी टेबलावरचा पेपरवेट सरळ केला, तो आधीच सरळ होता तरी.

"म्हणजे चूक मुनीची," ते शेवटी म्हणाले.

"मुनीने थांबायची ओळ लिहिली होती. ती कोणीतरी काढली. आपल्याकडे कर्नलमधल्या कोडला हात लावणारी माणसं तीन. मी, मुनी आणि तुम्ही. मी काढली नाही. मुनी कधी हॉस्पिटलात पाऊल टाकत नाही. पडदा अडतो म्हणून कोणी वैतागतं हे त्याच्या कानावरच आलेलं नाही. त्याच्या दृष्टीने ती ओळ बरोबर होती, तो कशाला काढेल? ती अशा माणसाने काढली, ज्याने लोकांसमोर प्लग उपटून दाखवला आणि पडदा अडलेला बघून ज्याला ओशाळायला झालं. लोकांसमोर मशीन दाखवायला कोण जातं, साहेब?"

बाहेर कोणीतरी कपाटाचा खण ओढला, बंद केला.

"एका डेमोत पडदा अडला, लोक हसले. पुढच्या डेमोच्या आदल्या दिवशी," साहेब म्हणाले. "मुनी रजेवर होता. मी स्वतः कोड उघडलं, कितीतरी वर्षांनी. मजा वाटली. ती ओळ दिसली. म्हटलं, हा कशाची वाट बघतोय? प्लग तर निघालाय. काढून टाकली. मशीन पाण्यासारखं चालायला लागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या हो."

"आणि विसरलात."

साहेबांनी 'हो' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. "विसरलो होतो. पण ज्या दिवशी हॉस्पिटलची बातमी आली, त्या दिवशी मनात पाल चुकचुकली. मी मनाला म्हटलं, सिस्टरची चूकही असू शकते. असू शकते की नाही? मग नोंदीत तिचा कोड दिसला, आणि मला..." ते अडखळले. "मला बरं वाटलं, बाई. खरं सांगतो."

"चोर सोडून संन्याशाला सुळी," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "आणि हे एवढ्यावर संपत नाही. आज ताप चुकून तिथे लिहिला गेला. उद्या कोणी मुद्दाम थर्मामीटरचं सोंग घेणारं उपकरण त्या पोर्टला लावलं, तर कर्नलमध्ये हवं ते लिहू शकेल. आपली मशीनं या क्षणी कितीतरी उशांशी चालू आहेत."

दाराशी उभा असलेला मुनी बोलला. एका दमात त्याला एवढं बोलताना त्या दोघांनी कधी ऐकलं नव्हतं. "ओळ मी आज परत घालतो. तपासून सगळीकडे पोचायला परवा उजाडेल. तोपर्यंत प्रत्येक हॉस्पिटलला कळवायला हवं, थर्मामीटर जोडू नका, पोर्टवर पट्टी लावा. का, तेही सांगायला हवं. लपवलं तर मी इथे राहणार नाही."

साहेबांनी फोन जवळ ओढला. पहिलं हॉस्पिटल लागलं तेव्हा त्यांनी स्वतःचं पद सांगितलं आणि म्हणाले, "आमच्या मशीनमध्ये दोष आहे. तो माझ्या हातून झालाय." पुढच्या फोनलाही तेच म्हणाले. चार-पाच फोनांनंतर त्यांचा आवाज स्थिर झाला. बाई निघेपर्यंत ते फोनच करत होते.

८

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब हॉस्पिटलच्या चौकशी समितीपुढे उभे राहिले. सिस्टरांवरचा ठपका तिथल्या तिथे काढला गेला. मेट्रननी चष्मा पुसत "बोलवा त्यांना" म्हटलं. निरोप घेऊन वैद्यीणबाई बागेत गेल्या. साहेब त्यांच्याबरोबर आले, पण फाटकापाशी घुटमळले.

बाईंनी सगळं सांगितलं. खोली, किल्ली, निरोप्या. सिस्टर एकटक ऐकत होत्या.

"म्हणजे माझं बोट तिकडे गेलंच नव्हतं," त्या शेवटी म्हणाल्या.

"नव्हतं. तुम्हाला पहिल्या दिवशी आठवत होतं तेच खरं."

सिस्टरांनी दोन्ही तळवे चेहऱ्यावर दाबले आणि बराच वेळ तशाच राहिल्या. रडल्या असतील तर आवाज आला नाही. मग हात काढून त्यांनी फाटकाकडे बघितलं. "ते कोण?"

"ओळ काढणारे."

"त्यांना इकडे बोलवा. मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय."

साहेब आले. बसा कोणी म्हटलं नाही, म्हणून उभेच राहिले. त्यांनी काहीही न गाळता सांगितलं, बरं वाटलं होतं तेसुद्धा.

"अर्ध्या श्वासाची एवढी कसली घाई होती?" सिस्टरांनी विचारलं. त्यात राग नव्हता, खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"लोकांसमोर लाज वाटली."

"मलाही वाटली," सिस्टर म्हणाल्या. "रोज, इथे बसून."

सिस्टर उठल्या, पदर सारखा केला. "ते तुमचं दुरुस्त होईपर्यंत काय?"

"पोर्टवर पट्टी लावलीय. थर्मामीटर जोडायचा नाही असं सगळ्यांना..."

"पट्टीवर मी भरवसा ठेवायचा? उद्यापर्यंत प्रत्येक खाटेशी एक माणूस पाहिजे. नुसतं ओठांकडे आणि छातीकडे बघत बसायचं. आमच्याकडे तेवढी माणसं नाहीत." त्यांनी साहेबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्हाला दुपारी काही काम आहे?"

साहेबांना काम होतं. पुष्कळच होतं. "नाही," ते म्हणाले.

त्या दुपारी वॉर्डाचे पडदे अर्धे ओढलेले होते. सिस्टर या खाटेवरून त्या खाटेवर फिरत होत्या, चालण्यात पहिल्यापेक्षा थोडा जास्त ताठपणा. खिडकीजवळ, शिंपीमास्तरांच्या उशाशी, साहेब लोखंडी स्टुलावर बसले होते. कोट मांडीवर घडी करून ठेवलेला. मास्तरांची छाती वर जायची, खाली यायची, आणि साहेबांची नजर तिच्याबरोबर वरखाली व्हायची. बाजूलाच मॉनिटर चालू होता, पण ते त्याच्याकडे बघत नव्हते.

मास्तरांनी डोळे उघडले. अनोळखी माणूस इतक्या जवळून निरखतोय म्हटल्यावर त्यांनी चादर जरा वर ओढली.

"आपण कोण?"

साहेबांनी विचार केला. "मी मॉनिटरच्या जागी बसलोय."

मास्तरांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, सुटलेल्या टायकडे, मांडीवरच्या कोटाकडे. मग समाधानाने पुन्हा डोळे मिटले.

"बसा," ते म्हणाले. "फक्त वेळ आली की गप्प बसू नका म्हणजे झालं."